पंचमीचं पान

३० ऑक्टोबर १९९३, शनिवार

ही डायरी ह्यांच्या कचेरीची. दरवर्षी सर्व्हे खात्यातल्या प्रत्येकाला एक मिळते. ह्या वर्षीची ह्यांच्या हाताखालचे गजाननभाऊ जानेवारीत घेऊन आले. “यादीत साहेबांचं नाव होतं वैनी, मी सही करून घेऊन आलो. परत कोणाला देऊ?” मी ठेवून घेतली. दहा महिने कोरी पडून होती.

आज कोजागिरी. शैलजाताई वरच्या मजल्यावर राहतात, शाळेत शिकवतात. त्या गच्चीवर बोलवायला आल्या होत्या. मी म्हटलं, पाय दुखतोय. मग कपभर दूध तापवलं आणि मागच्या पायरीवर बसून प्यायले. चंद्र समोरच्या टेकडीवरून वर आला तेव्हा गच्चीवर टाळ्या वाजल्या. चंद्राला टाळ्या कशाला, असं मनात आलं. पण मग मीही कप खाली ठेवला आणि बराच वेळ बघत राहिले.

क्वार्टर डिसेंबरअखेर सोडायचं आहे. सामरवरणीला एक खोली पाहून ठेवली आहे. सुमित म्हणतो कल्याणला चल. मुलगा आहे, म्हणणारच. आवराआवर करायची म्हणून सकाळी माळ्यावरून पत्र्याचा डबा काढला, त्यात ह्यांचा खेळ निघाला.

खेळ ह्यांनीच केलेला. नकाशे काढणारा माणूस, घरी बसला तरी नकाशाच काढणार. दमणगंगा डोंगरातून निघते ती दमणला समुद्राला मिळते, तेवढी सगळी नदी पटावर आहे. एकशेवीस घरं. चार होड्या. फासे म्हणून फोडलेले चिंचोके. जो आधी समुद्रात पोचेल तो जिंकला. दर रविवारी हे, गजाननभाऊ, शैलजाताई आणि तानूबाई अशी चौघं खेळायची. मी चहा करायची. वर्ष झालं, पट उघडला नाही.

डब्याच्या तळाशी एक पाकीट होतं. वर लिहिलंय, “पुरवणी : चंद्र”. आत तीस गोल पानं, पुठ्ठ्याची. नऊ काढलेली, एकवीस कोरी. काढलेल्यांवर काळ्या शाईत चंद्र, कमी-जास्त. आणि एक कागद:

१. पाहिल्याशिवाय एकही पान काढू नये.
२. पानाच्या तोंडावर तिथी लिहू नये. आकारावरून ओळखावी. तिथी पाठीमागे.
३. खाडीत होडी घालण्याआधी चंद्राचे पान उलटावे. उधाण असेल तर

पुढे काही नाही.

पाकिटात माझी एक हिरवी बांगडीही होती. गेल्या वर्षीच्या गणपतीत मागून घेतली होती, गोल काढायला. मी विसरून गेले होते. बाकीच्या हे गेले त्या दिवशी फुटल्या. ही डब्यात होती म्हणून राहिली.

३१ ऑक्टोबर

निरोप न देता तिघंही आली. गजाननभाऊंनी येताना भजी आणली. मी पट काढून पुसून ठेवला होता, कोणासाठी ते माहीत नव्हतं.

तानूबाई दुधनीकडची. बाजारात भाजी विकते आणि टोपली रिकामी झाली की आमच्याकडे टेकते. धरणाच्या आधी हे तिच्या गावाची मोजणी करायला गेले होते तेव्हापासूनची ओळख. अक्षर येत नाही, पण पटावर तिला कोणी फसवू शकत नाही. तिने बसल्या बसल्या एकोणतिसाव्या घरावर बोट ठेवलं. दर वेळी ठेवते.

“साहेबाच्या कागदात माझा घर अजून सुका हाय,” म्हणाली.

तिचं घर मधुबन धरणाच्या पाण्याखाली गेलं त्याला आता बरीच वर्षं झाली. ह्यांना कोणीतरी म्हणालं होतं, पट नवा काढा, तलाव दाखवा. हे म्हणाले, मोजलं तेव्हा होतं.

चौथी जागा रिकामी होती. मला बसवलं. मी कधी खेळले नव्हते, तरी दुसरी आले. गजाननभाऊ म्हणाले, “वैनी, तुम्ही चहाच्या नावाखाली दहा वर्षं आमचा डाव पाहू राहिले होते ना? चोरून शिकल्या.”

पुरवणीचा कागद मी वाचून दाखवला. शैलजाताईंनी तिसरा नियम दोनदा वाचायला लावला. “उधाण म्हणजे पुनव-अवसेचं. आणि अष्टमीच्या आगेमागे, पंचमी ते एकादशी, भांग, तेव्हा पाणी फारसं चढत नाही. म्हणजे ह्यातलं पान आलं की होडी खाडीच्या तोंडाशी अडकणार. सुधाकररावांनी काय डोकं लावलंय!”

“मग एकवीस पानं कोण काढणार?” गजाननभाऊंनी विचारलं.

कोणी माझ्याकडे बघितलं नाही. म्हणून मी म्हटलं, मी काढते.

४ नोव्हेंबर

तारखेने आज ह्यांना जाऊन वर्ष. तिथीने दशमीला येईल, तेव्हा सुमित येणार आहे.

लिहून ठेवते, नाहीतर मीच बदलेन ते. दसऱ्यापासून हे मागच्या खोलीत खाटेवर होते. खाटेचं डोकं पश्चिमेच्या खिडकीकडे, वारा लागावा म्हणून. मान वळवता येत नव्हती. उशीला टेकवून दिलं की समोरची भिंत, तेवढंच. एक दिवसाआड न्हावी घरी यायचा. दाढी कशी होते ते स्वतःला दिसलं पाहिजे असा हट्ट, म्हणून मी आरसा त्या भिंतीवर खाली, कमरेच्या उंचीला लावून दिला. तो अजून तिथेच आहे. रोज वाकून वेणी घालते. शैलजाताई हसतात, पण काढायचं राहून जातं.

लाभपंचमीचा दिवस होता. बाजारात दुकानं उघडल्याचे फटाके वाजत होते. रात्रीची जेवणं झाली. मी खिडकीचा पडदा सारायला त्यांच्या डोक्याशी उभी होते. हे भिंतीकडे बघून म्हणाले, “वासंती, तुझ्याबरोबर बरं गेलं.”

एकतीस वर्षांत असलं काही बोललेला माणूस नव्हे. मी काय म्हणाले ते आठवत नाही. बहुतेक पाणी हवंय का विचारलं.

पाच दिवसांनी गेले. मधल्या दिवसांत ताप चढला आणि मग कोण आलं कोण गेलं ते कळेनासं झालं. सुमित आला तेव्हा त्याला “अण्णा” म्हणाले. अण्णा म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ, ते कधीच वारले.

मी ते वाक्य सुमितला सांगितलं होतं. तो म्हणाला, “भिंतीशी बोलत होते, आई. भान नव्हतं त्यांना.”

मी वाद घातला नाही. पण ते वाक्य माझ्याजवळ आहे. वर्षभर मी त्याच्यावरच आहे.

१५ नोव्हेंबर

भाऊबीज. ओवाळायला कोणी नाही, चंद्राला ओवाळलं. सूर्य बुडल्यावर अर्ध्या तासाने शेवग्याच्या फांदीत बीज दिसली, नखाएवढी. आधी दिसलीच नाही. शैलजाताईंनी शाळेतून आकाशाचं एक पुस्तक आणून दिलंय. त्यात लिहिलंय, थेट न बघता थोडं बाजूला बघावं. तसं केलं आणि आली.

उजळ बाजू खाली उजवीकडे. सूर्य गेला त्याच्याच दिशेला. पुस्तक म्हणतं, नेहमी असंच. वाढता चंद्र संध्याकाळी दिसतो आणि त्याची उजळ बाजू उजवीकडे. घटता चंद्र पहाटे, आणि उजळ बाजू डावीकडे. छपन्न वर्षांची झाले, इतक्या चतुर्थ्या केल्या, आणि हे मला माहीत नव्हतं.

१८ नोव्हेंबर

पंचमी. हे पान काढायचं नाही, ह्यांनी काढलेलं आहे. मी नुसतं ताडून बघायला बाहेर घेऊन गेले.

उलटं आहे.

वर चंद्राची उजळ बाजू उजवीकडे. पानावर डावीकडे. मी पान फिरवून बघितलं, डोक्यावर धरून बघितलं. पानावर खालच्या कडेला त्यांनी बारीक आडवी रेघ मारली आहे, क्षितिजाची. तेव्हा फिरवायला जागा नाही. मागे त्यांच्या अक्षरात, “कार्तिक शु. ५, ३० ऑक्टो. ९२”. अक्षर थोडं हललंय, पण सरळ आहे.

तीच रात्र, लाभपंचमीची. सकाळी चादरीत पेन्सिल सापडली होती मला. शाई मग उशीवर पाट ठेवून भरली त्यांनी.

बाकीची आठ पानं बरोबर आहेत. ती गणपती ते दसरा ह्या दिवसांतली, पायरीवर बसून काढलेली. हे एकच खाटेवरचं. मान वळत नव्हती. खिडकी डोक्यामागे. म्हणजे न बघताच काढलं. आठवणीतून. स्वतःचाच पहिला नियम मोडून. आणि चुकले.

बांधाची रेघ सुतभर इकडे गेली तर अख्खा नकाशा पुन्हा काढणारा माणूस.

पान पाकिटात ठेवलं. मग पुन्हा काढून बघितलं.

१९ नोव्हेंबर

काही नाही. वेणी घातली, डाळ शिजवली. षष्ठी बघितली.

२१ नोव्हेंबर

पंचमीचं पान आज बाजूला काढून ठेवणार होते. मग वाटलं, कोणाला कळतंय. गड्डीत घातलं.

माझी सहा नवी पानं सगळ्यांनी हातात घेऊन बघितली. तानूबाईने नखाने शाई खरवडून पाहिली. “बाय, तुझा चंद्र साहेबापरीस जाडा हाय.” मी म्हटलं, माझा हात जाडा आहे. खेळ रंगला होता. गजाननभाऊंची होडी खाडीच्या तोंडाशी आली आणि त्यांनी पान उलटलं.

“डावीकडं उजेड. वद्य एकादशी,” म्हणाले. पाठ फिरवली. “शुद्ध पंचमी? हे काय?” पुन्हा तोंड बघितलं. “वैनी, इथं साहेबांचा हात चुकला बरं का.”

हसत म्हणाले ते. त्यांना काय माहीत.

शैलजाताईंनी पान घेतलं, तारीख वाचली आणि हळूच खाली ठेवलं. “अहो, आजारपणातलं आहे. चालायचंच.”

“तसं नाही ताई, वीस वर्षं मी त्यांच्या हाताखाली. साहेबांनी नकाशात कधी उत्तर दिशा खाली नाही काढली, न् उजवं डावं करतील?” बोलता बोलता गजाननभाऊंनी माझा चेहरा बघितला आणि थांबले. “मरू द्या. पंचमी तर पंचमी. माझी होडी थांबली.”

तानूबाई म्हणाली, “नवा काढ ना त्याच्यावर कागद डकवून.”

मी म्हटलं, बघू.

सगळे गेल्यावर एक कोरं पान घेतलं, बांगडी फिरवली, आणि तसंच ठेवून दिलं. मी बरोबर पंचमी काढली तर त्यांची चूक ठरते. आणि त्या रात्री उजवं-डावं कळत नव्हतं असं ठरलं, तर त्या रात्रीचं बाकीचं तरी कशावरून खरं?

२३ नोव्हेंबर

वर्षश्राद्ध झालं. सुमित काल रात्री आला, उद्या जाईल. सूनबाई पूजाला रजा मिळाली नाही. गुरुजी वापीहून आले होते. पिंड ठेवल्यावर कावळा लगेच शिवला. सुमित म्हणाला, “बाबांना घाईच असायची.” मग डोळे पुसायला मोरीत गेला.

दुपारी त्याला पानं दाखवली. पंचमीचं दाखवायचं नव्हतं, पण त्यानेच ओळखलं. तो इंजिनिअर आहे.

“हे उलटं आहे, आई.”

“हो.”

“कधीचं?” तारीख वाचली त्याने. मग म्हणाला, “मी सांगत होतो तुला.”

“काय?”

“भान नव्हतं तेव्हापासूनच. मी आलो तेव्हा म्हणजे काही अचानक झालं नव्हतं. आधीच गेलं होतं सगळं.” पान त्याने बोटांत फिरवलं. “त्यांनी तुला माझ्याबद्दल काही म्हटलं होतं का? त्या रात्री?”

“नाही रे. तेवढंच एक वाक्य.”

“मग झालं तर,” म्हणाला, आणि उठून बसस्टँडवर परतीच्या गाडीची चौकशी करायला गेला. गाडीची वेळ त्याला पाठ आहे. कशाला गेला कोण जाणे.

२९ नोव्हेंबर

पौर्णिमा. पान सोपं आहे, काढायला काही नाही, नुसती कड. सगळ्यात जास्त वेळ त्यालाच लागला.

५ डिसेंबर, रविवार

वद्य पक्षाची पानं कशी काढायची ह्याची काळजी होती. रोज रात्रीची जागरणं मला झेपत नाहीत. सकाळी नऊ वाजता कपडे वाळत घालताना मान वर केली तर पाण्याच्या टाकीवर चंद्र. निळ्या आकाशात, पांढरा, भिजवलेल्या साबुदाण्यासारखा. ओला परकर हातात तसाच राहिला.

तो रोज तिथेच असणार. मी कपडे वाळत घालत आले आणि तो टाकीवर असणार. वद्य पक्षात सकाळचा, इतकी वर्षं.

तानूबाई आली तेव्हा तिला दाखवला. ती म्हणाली, “त्याचा काय दाखवतेस? मी रोजच बघते. आम्ही बांबू तोडतो ना, तो असा उतरता असला का मगच. चढत्या चंद्राचा बांबू भुंगा खातो.” मग हसली. “तुमी घरातली माणसं, तुमाला चंद्र रातचाच.”

आज खेळ झाला. पंचमीचं पान मी गड्डीत घातलं नाही. कोणी विचारलं नाही.

१२ डिसेंबर

पहाटे तानूबाई पहिल्या बसने आली, मला उठवून पायरीवर नेलं. टेकडीवर एक तार. उजळ बाजू खाली डावीकडे. उजेड वाढत गेला तशी ती पुसत गेली, मग नव्हतीच. मी आत पळत येऊन थंडगार बोटांनी काढली. तरी चांगली आली.

ह्यांचं पंचमीचं पान शेजारी ठेवून बघितलं. तोच कल. जणू पंचमीच्या रात्री त्यांनी पहाटेचा चंद्र बघितला.

१३ डिसेंबर

अमावास्या. पाहिल्याशिवाय काढायचं नाही, म्हणून संध्याकाळी उभी राहून सगळं आकाश बघितलं. नव्हता. आत येऊन पान पूर्ण काळं केलं. नियमात बसतं असं मला वाटतं.

एकोणतीस पानं माझ्या-त्यांच्या हिशेबाने पुरी. तिसावं ते एकच.

तिसरा नियमही शैलजाताईंच्या मदतीने पुरा केला. “उधाण असेल तर होडी दोन घरे जास्त जाईल. भांग असेल तर पुढचे पान येईपर्यंत थांबेल.” त्यांचं अक्षर जिथे तुटलं होतं तिथून माझं सुरू होतं. चांगलं दिसत नाही, पण वाचता येतं.

१८ डिसेंबर, शनिवार

दिवसभर भांडी कागदात गुंडाळली. उद्या सुमित येणार, जड सामान त्याच्यासमोर बांधायचं. मागच्या खोलीतलं काही आवरलं नव्हतं. संध्याकाळी अंगात कणकण वाटली. बिछाने सगळे बांधून झाले होते, उघडी फक्त ही खाट. वर्षात तिच्यावर बसले नव्हते मी. पडले. उशी टेकवून, ह्यांना द्यायची तशी.

डोळा लागला असावा. जाग आली तेव्हा पावणेनऊ वाजले होते. दिवा लावलेला नव्हता. समोरच्या भिंतीत चंद्र होता.

आधी वाटलं ताप चढला. भिंतीत काळी खिडकी, तिच्यात शेवग्याची फांदी, आणि फांदीच्या वर चंद्र. पंचमीचा. मी हलले नाही. उजळ बाजू खाली डावीकडे.

डावीकडे.

आरसा.

मी किती वेळ तशी पडून होते माहीत नाही. चंद्र आरशाच्या चौकटीला लागला आणि थोडा थोडा करत खाली गेला. मग उठले, दिवा लावला, पाकीट शोधलं. पान हातात धरून पुन्हा आडवी झाले. आता चंद्र नव्हता, पण गरजही नव्हती. खालची बारीक आडवी रेघ मी क्षितिज समजत होते. ती आरशाची लाकडी पट्टी आहे. एका टोकाला टवका उडालेला आहे, तोसुद्धा त्यांनी काढलाय.

पाहिल्याशिवाय एकही पान काढू नये.

जसं दिसलं तसं काढलं. सरळ करून काढता आलं असतं त्यांना, आरसा आहे हे काय त्यांना कळत नव्हतं? पण मग ते पाहिलेलं राहिलं नसतं.

मी त्यांना पाणी हवंय का विचारलं होतं.

१९ डिसेंबर, रविवार

सुमित दुपारी आला. मी त्याला काही सांगितलं नाही. गजाननभाऊंनी दोरखंड आणले होते. कपाट बांधलं, पट बांधला. मागच्या खोलीला मी हात लावू दिला नाही. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि कपाटाची गाठ पुन्हा आवळली.

रात्री जेवणं झाल्यावर गजाननभाऊ गेले. मी सुमितला म्हटलं, “त्या खाटेवर पड जरा.”

“इथे?”

“पड. उशी अशी. मान हलवू नकोस.”

“आई, काय चाललंय तुझं?” पण पडला. मी दिवा घालवला. आज षष्ठी, चंद्र कालच्यापेक्षा वर होता. आरसा दोरीवर थोडा कलता केला.

मी पान त्याच्या हातात दिलं. त्याने ते अंधारात डोळ्यांजवळ धरलं, मग समोर बघितलं, मग पुन्हा पान. त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

“म्हणजे त्यांना...” म्हणाला.

चंद्र फांदीआड जात होता. नीट दिसावं म्हणून मी खिडकीशी गेले, त्याच्या डोक्यामागे, आणि पडदा सारला. त्या रात्री उभी होते तशीच उभी राहिले असेन. दुसरीकडे उभं राहायला जागाच नाही तिथे.

“आई,” सुमित म्हणाला. भिंतीकडे बघून.

“काय रे?”

“तू दिसतेस.”

मी आरशाकडे बघितलं. अंधारात त्याचे डोळे माझ्याकडेच लागलेले होते. थेट. भिंतीबिंतीकडे नाही.

“चंद्राच्या शेजारी तू आहेस,” तो म्हणाला. “सगळी दिसतेस.”

मी खाटेच्या कडेवर बसले. सुमितने हात मागे करून माझा हात धरला, बराच वेळ. मग म्हणाला, “मला अण्णा म्हणाले तेव्हा ताप एकशेचार होता ना?”

“एकशेचारच्या वर होता. मी पट्ट्या ठेवत होते.”

“हं,” म्हणाला. लहानपणी गणित सुटलं की असंच म्हणायचा.

२६ डिसेंबर, रविवार. सामरवरणी

खोली लहान आहे, पण पश्चिमेला खिडकी आहे. सामान लावायला गजाननभाऊ आले होते. आरशासाठी खिळा ठोकायला घेतला तर मी त्यांना खाली, खाटेसमोर ठोकायला लावला.

“वैनी, इतक्या खाली? इथं काय मांजर वेणी घालणार आहे?”

“आडवं पडून बघायचा आरसा आहे तो.”

त्यांनी मान डोलावली. खिळा ठोकला आणि स्वतः वाकून सरळ लागला का ते पाहिलं.

मग खेळलो. चौघंही. पुरी तीस पानं पहिल्यांदाच घातली. नियमांच्या कागदावर मी चौथा लिहिला आहे: “एक पान आरशातले आहे. ते ज्याला येईल त्याने जागेवरून उठून आरशात पाहावे आणि मग तिथी सांगावी.”

ते पान तानूबाईला आलं. कुरकुरत उठली, गुडघ्यावर हात ठेवून आरशासमोर वाकली. पान धरलं. आरशात चंद्र सरळ झाला, उजेड उजवीकडे.

“पाचवा दिस, चढता,” तिने ओरडून सांगितलं. आणि मग तिथूनच, माझ्याकडे न वळता, “बाय, हितून तर तू पण दिसतेस गं.”

“हो,” मी म्हटलं. “दिसते.”

तिची होडी थांबली. पुढची पाळी माझी होती.